प्रस्तावना शेवटी

प्रकल्प वहीचे पहिले पान बहुधा फार देखणे असते. नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, भोवती स्केचपेनची नक्षी, मधोमध ठसठशीत अक्षरांत विषय. एवढ्याला एक अख्खी संध्याकाळ गेलेली असते. पान उलटले की वर ‘प्रस्तावना’ असा मथळा, त्याखाली व्हाइटनर फिरवलेल्या दोन-तीन ओळी आणि मग कोरी पाने. जमा करायची तारीख जवळ आली की या कोऱ्या पानांची कारणे शोधली जातात. सर म्हणतात, आळस. घरचे म्हणतात, मोबाइल. पोर स्वतः म्हणते, मला सुचतच नाही. तिन्ही उत्तरांत दोष मुलाच्या पदरात पडतो आणि ती वही ज्या क्रमाने भरायला सांगितली आहे त्या क्रमाकडे कोणी बघत नाही. या प्रकरणात मला एवढेच मांडायचे आहे की शाळेतल्या मोठ्या लेखनात मूल अडते ते बहुतेक वेळा या क्रमापाशी. आपण त्याच्याकडून तीन वेगवेगळी कामे एकाच वेळी मागतो आणि वर ती उलट्या बाजूने सुरू करायला लावतो. हे पटवण्यासाठी दूर जायची गरज नाही. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांशी जोडलेले जे मोलाचे लेखन गेल्या सव्वाशे वर्षांत झाले, त्यातच याचा भरभक्कम पुरावा आहे.

आधी प्रकल्पाची रीत पाहू. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या जोडीला प्रकल्प पहिली ते आठवीच्या वर्गांत पोचला. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प सगळ्या शाखांच्या मुलांना करावा लागत आला आहे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून दहा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून आपल्याच परिसरातल्या प्रश्नावर अभ्यास मागते. उद्देश चांगला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अहवालाचा साचा ठरलेला असतो: प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे. लिहिणाऱ्यासाठी मात्र तो पायात पाय अडकवणारा आहे, कारण पहिल्या तीन भागांत जे सांगायचे ते शेवटचे तीन भाग हाती आल्याशिवाय कळतच नाही. ज्या मुलाने अजून काही पाहिलेले नाही त्याला आपण ‘या विषयाचे महत्त्व’ विचारतो. मग ते बिचारे पाठ असलेली वाक्ये आणते: भारत हा कृषिप्रधान देश आहे, पाणी म्हणजे जीवन. ही दोन वाक्ये संपली की तिसरे कुठून आणायचे हे त्याला उमगत नाही. उमगणारही नाही.

हा क्रम उलटा का करायचा, ते इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या कामात दिसते. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात पानिपतच्या लढाईच्या आगेमागे लिहिली गेलेली पत्रे आहेत आणि त्यांच्या आधी एक प्रदीर्घ प्रस्तावना आहे. त्या मालेतल्या प्रस्तावना हे मराठी इतिहासलेखनातले एक स्वतंत्र दालनच मानले जाते. मूळ पत्रे न वाचणारेही त्या वाचतात. पण त्या कधी लिहिता आल्या? गावोगाव फिरून, घराघरांतली दप्तरे सोडवून, मोडी पत्रे वाचून, त्यांच्या तारखा लावून झाल्यावर. पुस्तकात पहिली असलेली गोष्ट कामात शेवटी आली. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांचे जमवलेले कागद सांभाळण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या शहरात ही संस्था आहे त्या शहरातल्या मुलाला तरी प्रस्तावनेपासून सुरुवात कर असे सांगू नये, असे मला मनापासून वाटते. निरीक्षणे आधी, मग त्यांचा अर्थ, मग निष्कर्ष, आणि सगळ्यात शेवटी, वही जवळजवळ भरल्यावर, प्रस्तावना. एवढा बदल केला तरी निम्मी कोरी पाने हलतील.

निम्मीच म्हणतो, कारण क्रम उलटला तरी एक अडचण उरते. निरीक्षणे डोळ्यांसमोर आहेत, मूल शेतावर किंवा बंधाऱ्यावर जाऊन आले आहे, घरी आजीला सगळे सांगते आहे, आणि वही उघडली की हात थांबतो. इथे धुळ्याच्याच तुरुंगात घडलेली गोष्ट कामाला येते. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा भावे आणि साने गुरुजी दोघेही धुळ्याच्या कारागृहात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एका अध्यायावर बोलत. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि पुढे ते देशातल्या कितीतरी भाषांत गेले. इथे कामाची विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. बोलणाऱ्याला शुद्धलेखनाची, ओळीची, कागदाची फिकीर नव्हती. समोर माणसे होती आणि त्यांना समजेल असे बोलायचे होते. लिहिणाऱ्याला आता काय सांगावे याची चिंता नव्हती. कानावर पडते ते निसटू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची गोष्टही याच जातीची आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकामात त्या गाणी रचून म्हणत आणि त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातले पितांबर चौधरी ती उतरवून घेत. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, आचार्य अत्र्यांनी ती वही पाहून छापण्याचा आग्रह धरला आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. आज ज्या विद्यापीठाची पदवी जळगाव-धुळ्याची मुले घेतात त्याला एका निरक्षर बाईचे नाव आहे. रचणे आणि लिहिणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, याहून मोठा दाखला कुठे मिळायचा?

यावर कोणी म्हणेल की विनोबा आणि बहिणाबाई ही असामान्य माणसे. त्यांच्यावरून नववीच्या पोराचा हिशेब मांडता येत नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणून सामान्य मुलांवर झालेले काम पाहायला हवे. कार्ल बेराइटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या कॅनडातल्या दोन संशोधकांनी शाळकरी मुलांच्या लेखनावर बरीच वर्षे प्रयोग केले. त्यांचे मोठे पुस्तक १९८७ साली आले. त्यांनी काही मुलांना एखाद्या विषयावर स्वतः लिहायला सांगितले आणि काहींना नुसते तोंडाने सांगायला लावले. सांगणाऱ्या मुलांचा मजकूर लिहिणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त भरला. त्याहून बोलका प्रयोग दुसरा. मूल ‘झाले, संपले’ म्हणून थांबले की त्याला काहीही न सुचवता फक्त ‘अजून सांग’ एवढेच म्हणायचे. मुले पुन्हा बोलू लागत, आणि पुष्कळ बोलत. म्हणजे मजकूर आटलेला नसतो. गप्पांमध्ये समोरचा माणूस मान डोलावतो, ‘मग?’ म्हणतो, आणि त्या ‘मग?’वर पुढचे वाक्य येते. कागद ‘मग?’ म्हणत नाही. लहान मुलाला लिहिताना हा समोरचा माणूस गमावल्याचा फटका बसतो आणि आपण त्याला कल्पनाशक्ती कमी असल्याचे प्रमाणपत्र देऊन मोकळे होतो.

रचणे आणि लिहिणे यांच्या जोडीचे तिसरे काम आहे तपासण्याचे. अमेरिकेतल्या लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिता लिहिता मनातले मोठ्याने बोलायला लावले आणि त्यावरून १९८१ साली लेखनाचे एक चित्र मांडले. योजना करणे, शब्दांत उतरवणे आणि लिहिलेले तपासणे ही तीन कामे ओळीने होत नाहीत, ती एकमेकांत सतत घुसतात, असे त्यांना दिसले. हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या आड येतो असे वरवर वाटेल. जर खरे लेखक तिन्ही कामे एकत्रच करत असतील तर मुलांना ती वेगळी का करायला सांगायची? उत्तर असे की सरावलेल्या माणसाला ही ये-जा परवडते. अक्षर, जोडाक्षर, वाक्यरचना यांकडे त्याला वेगळे लक्ष द्यावे लागत नाही, म्हणून त्याचे मन मोकळे असते. चौदा वर्षांच्या मुलाचे लक्ष ‘दुष्काळग्रस्त’मधला ष कुठला यातच खर्च होते. अशा वेळी तपासनीस सारखा मध्ये आला तर रचणारा गप्प बसतो. माइक रोज यांनी १९८० साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांपैकी पाच लिहिताना अडणारे होते, पाच न अडणारे. अडणारे पाच जण काही बुद्धीने कमी नव्हते. फरक इतकाच की त्यांनी काही नियम दगडावरच्या रेघेसारखे धरले होते. एकीला वाटे, पहिले वाक्य व्याकरणात चोख बसल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचेच नाही. एकीला वाटे, सुरुवात वाचकाला खिळवणारी हवीच. एकजण इतका तपशीलवार आराखडा करी की लिहायला वेळच उरत नसे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ‘जमलं तर’, ‘बहुतेक वेळा’ अशा सैल गाठीचे. लेखन अडणे ही बालपणातल्या खोल जखमेची खूण आहे, असे विसाव्या शतकाच्या मध्यावर एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने मांडले होते. शाळेच्या प्रकल्पापुरते तरी रोज यांचे निदान मला अधिक खरे वाटते. आपल्याकडच्या मुलांना असे दगडावरचे नियम कोणी शिकवले हे विचारायला नको. खाडाखोड करू नये, पान फाडू नये, शाईपेनाने लिहावे, परिच्छेद अमुक ओळींचा असावा. हे नियम शेवटच्या सुवाच्य प्रतीसाठी आहेत आणि आपण ते पहिल्या खर्ड्यालाच लावतो. प्रकल्पाची वही विकत आणतानाच ती पक्की असते. कच्च्या वहीची सोयच ठेवलेली नसते.

आता एक विषय घेऊन पाहू. साक्री तालुक्यातल्या पांझरेकाठच्या मुलीला ‘फड पाणीवाटप पद्धत’ हा विषय मिळाला आहे असे धरू. विषय अस्सल आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड, एका फडात त्या हंगामात सगळ्यांचे एकच पीक, आणि कोणत्या फडात काय घ्यायचे हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. शतकानुशतके चाललेली ही व्यवस्था काही गावांत अजून दिसते, काही ठिकाणी वडीलधाऱ्यांच्या आठवणीत उरली आहे. या मुलीने प्रस्तावना उघडली की ‘प्राचीन काळापासून मानवाने पाण्याचे महत्त्व ओळखले आहे’ इथे ती रुतणार. त्याऐवजी पहिल्या दिवशी तिने वही कपाटातच ठेवावी. मैत्रिणीला समोर बसवावे, मोबाइलवर आवाज मुद्रित करायला लावावा आणि पाटावर काय पाहिले ते सांगावे. मैत्रिणीने फक्त ‘मग?’ म्हणायचे आणि जिथे समजणार नाही तिथे अडवायचे. ही अडवणूक सोन्यासारखी आहे. ‘पाटकऱ्याला नेमतं कोण?’ ‘त्याला मोबदला धान्यात मिळायचा की पैशात?’ ‘सगळ्यांनी ऊस लावायचा ठरला आणि एकाला नसेल लावायचा तर?’ ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले ते निरीक्षण आणि जिथे जीभ अडली ती पुढच्या खेपेला विचारायची गोष्ट. दुसऱ्या दिवशी ते मुद्रण थांबवत थांबवत ऐकायचे आणि पाठकोऱ्या कागदांवर उतरवायचे, एका कागदावर एकच गोष्ट, शुद्धलेखनाकडे पाहायचे नाही. तिसऱ्या दिवशी ते कागद जमिनीवर मांडायचे आणि कशानंतर काय येते ते हाताने हलवून पाहायचे. बंधाऱ्याचे कागद एकीकडे, माणसांचे एकीकडे, पद्धत मोडकळीला का आली याचे तिसरीकडे. इथवर आले की निरीक्षणे आणि विश्लेषण हे दोन्ही भाग तयार झालेले असतात आणि त्यांतून निष्कर्ष स्वतःहून डोके वर काढतो. मग उद्दिष्टे लिहायला दहा मिनिटे लागतात, कारण आपण काय शोधले हे आता माहीत असते.

या रीतीचा आणखी एक उपयोग आहे, तो निदानाचा. सगळे अडणे एका प्रकारचे नसते. मैत्रिणीपुढेही मुलाचे बोलणे चार वाक्यांत संपले तर त्याच्याजवळ अजून सामग्री नाही. त्याने वहीपुढे तासन्‌तास बसून उपयोग नाही, त्याला पुन्हा पाटावर, बाजार समितीत, सोनगीरच्या तांबटाकडे, जिथला विषय असेल तिथे पाठवले पाहिजे. तोंडाने भरभरून सांगणारे मूल लिहिताना अडत असेल तर त्याला सामग्रीची गरज नाही. त्याला कच्चा कागद आणि लाल शाईपासून थोडा काळ अभय हवे. दोघांनाही आपण आज ‘नीट विचार करून लिही’ हा एकच सल्ला देतो. तो पहिल्याला उपाशी ठेवतो आणि दुसऱ्याला आणखी घाबरवतो. लिहिण्याच्या भीतीत आपले लिहिलेले कोणीतरी तपासणार याची धास्ती मोठी असते. जॉन डेली आणि मायकेल मिलर यांनी १९७५ साली ही भीती मोजण्यासाठी प्रश्नावली केली, तिच्यात या धास्तीला मोठी जागा आहे.

खानदेशात या धास्तीला एक जास्तीचा पदर आहे. घरी अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, डोंगराकडे पावरी किंवा भिल्ली, आणि वहीत पुस्तकी मराठी. आजोबांना ‘पाटनं पानी पहिले कोनले भेटस?’ असे विचारून आलेली मुलगी ते उत्तर वहीत थेट प्रमाण मराठीत उतरवायला बसते तेव्हा रचणे, लिहिणे आणि तपासणे यांच्या जोडीला भाषांतर हे चौथे ओझे तिच्या डोक्यावर येते. यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे: परीक्षा प्रमाण भाषेत आहे, बोलीत लिहायची सवय लावली तर गुण जातील, आणि शेवटी नुकसान त्याच मुलीचे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. गुण गेल्याने खरोखर नुकसान होते, आणि प्रमाण मराठीवर हुकमत मिळवणे हा तिचाही हक्क आहे. पण शेवटची प्रत प्रमाण मराठीत असावी याचा अर्थ पहिला खर्डाही तसाच असावा असा होत नाही. उलट बोलीतला खर्डा हाती असला की प्रमाण मराठीत लिहिताना अर्थ कोणता राखायचा ते पक्के असते. नाहीतर मूल ज्या शब्दांची खात्री आहे तेवढ्याच गोष्टी लिहिते आणि आजोबांनी सांगितलेले सगळ्यात मोलाचे तपशील, जे फक्त बोलीतच होते, गळून पडतात. बहिणाबाईंचे शब्द उतरवणाऱ्यांनी ते घरच्या बोलीतच ठेवले आणि म्हणून ती गाणी आज आपल्याकडे आहेत. पाट, बंधारा, फड, जागल्या असे शब्द तर शेवटच्या प्रतीतही तसेच राहावेत. त्यांना पुस्तकी पर्याय शोधणे म्हणजे विषयच पुसून टाकणे.

सगळ्यात जोरकस आक्षेप वेगळाच आहे, आणि तो साहित्यावर प्रेम करणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, खरे लेखन असे टप्प्याटप्प्याने होत नाही, ते आतून उसळून येते. वेळ आली की लिहिले जाते, तोवर थांबावे. पुरावाही ते इथलाच देतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीला संपवली, पाच दिवसांत. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३ साली पंचविशीत अवघ्या काही आठवड्यांत लिहून काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांचा अर्थ थांबून राहावे असा होतो का? ‘श्यामची आई’ची घडण पाहिली तर ती बेचाळीस रात्रींत विभागली आहे, श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो आणि ऐकणारे ऐकतात. सगळे पुस्तकच बोलण्याच्या चालीवर उभे आहे, समोर ऐकणारा धरून. त्याआधी १९२४ ते १९३० ही वर्षे गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालवत होते; १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही काढले. त्यानंतर धुळ्यात अठरा रविवार दुसऱ्याचे बोलणे कागदावर धरण्याचा सराव. त्या पाच दिवसांमागे ही सगळी वर्षे आहेत, असे मला वाटते. आणि ज्यांना ‘कोसला’चा वेग आठवतो त्यांनी हेही आठवावे की त्याच नेमाड्यांची ‘हिंदू’ यायला २०१० साल उजाडावे लागले. लेखकाचा वेग पुस्तकागणिक बदलतो. त्यावरून शाळेच्या वहीला नियम लावता येत नाही. उसळीची वाट पाहण्याबद्दल रॉबर्ट बॉइस यांचा १९८३ चा प्रयोगही लक्षात घ्यावा. त्यांनी २७ प्राध्यापकांचे तीन गट केले: एका गटाला ठरल्या वेळी लिहिणे भागच होते, दुसऱ्याने मनात आले तर लिहायचे, तिसऱ्याने निकड नसेल तर लिहायचेच नाही. सक्तीच्या गटाने सर्वांत जास्त लिहिले यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला जास्त सुचल्या, आणि न लिहिणाऱ्यांना सर्वांत कमी. प्रयोग लहान आहे, प्राध्यापकांवरचा आहे, त्यातली सक्ती दंडाची होती. मुलांना दंड करा असे मी म्हणणार नाही. तरीही सुचल्यावर लिहायचे ही समजूत त्याने चांगलीच खिळखिळी केली आहे. लिहायला लागल्यावरही सुचते.

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे, नाहीतर ‘आधी सामग्री, मग लेखन’ या वाक्याच्या आडोशाला कायमचे लपता येईल. अजून एक मुलाखत, अजून एक पुस्तक, मग लिहितो, असे म्हणणारे विद्यार्थी आहेत आणि ते सहसा हुशार असतात. राजवाड्यांसारख्या प्रचंड आवाक्याच्या माणसाचेही पुष्कळ काम हयातीत छापून झाले नाही. त्यांचा धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या बाबतीत मागे मंडळ उभे राहिले, विद्यार्थ्याच्या मागे कोणी उभे राहत नाही. म्हणून दर भेटीनंतर त्याच दिवशी थोडे तरी सांगणे आणि उतरवणे झालेच पाहिजे. विनोबांनी अठराही अध्यायांची तयारी पूर्ण झाल्यावर एकदम सांगतो म्हटले नाही. रविवार आला की एक अध्याय.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. वर्गात साठ मुले, शिक्षकाच्या मागे शंभर कामे, आणि मुलांना नेटवरून उतरवलेला किंवा यंत्राने लिहून दिलेला तयार प्रकल्प पाच मिनिटांत मिळतो. एवढा खटाटोप करणार कोण? पण जोडीत बोलून घ्यायला शिक्षकाला साठ वेळा बसावे लागत नाही. एका तासिकेत तीस जोड्या होतात, अर्धा वेळ एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे, मग अदलाबदल. शिक्षकाने फक्त फिरत राहायचे आणि गप्प झालेल्या जोडीपाशी ‘मग?’ म्हणायचे. तयार प्रकल्पाचा मोह मुलाला होतो तो कोऱ्या पानापुढे. ज्याच्या हातात स्वतःच्या बोलण्याचे पंधरा कागद आहेत त्याला जलप्रदूषणावरचा कुठल्या तरी गावाचा मजकूर उतरवून काढणेच जास्त कंटाळवाणे वाटते. आणि गुणांची वाटणी तर शिक्षकांच्याच हातात आहे. बाल विज्ञान परिषदेत अहवालासोबत नोंदवही दाखवावी लागते, तशी प्रत्येक प्रकल्पाला कच्ची वही मागावी, खाडाखोडीसकट, बोलीतल्या वाक्यांसकट, आणि मुखपृष्ठाची नक्षी नि प्रस्तावना यांच्यासाठी आज मनात धरलेले गुण तिच्याकडे वळवावेत.